दोन जंगलांमधील जमीन : मध्य भारतातील वाघ आणि जनुकप्रवाह

व्याघ्रगणनेचा अहवाल प्रसिद्ध झाला की सार्वजनिक चर्चा प्रथम आकड्याभोवती फिरते. देशातील वाघांची अंदाजित संख्या 2006 मध्ये 1411 होती, 2018 मध्ये ती 2967 झाली आणि 2022 च्या गणनेत 3682 वर पोहोचली. त्यांपैकी 444 वाघ महाराष्ट्राच्या वाट्याला आले. हे यश खरे आहे आणि त्यामागे वनरक्षकांपासून न्यायालयांपर्यंत अनेकांचे श्रम आहेत. मात्र हा आकडा बेरजेचा आहे, आणि ज्या वाघांची बेरीज मांडली जाते त्यांची परस्परांशी कधी गाठ पडू शकते का, याविषयी बेरीज काहीही सांगत नाही. ताडोब्यातील वाघ, मेळघाटातील वाघ आणि राजस्थानातील रणथंभोरचे वाघ एकाच कोष्टकात शेजारी शेजारी मांडता येतात, प्रत्यक्षात मात्र त्यांच्यामध्ये शेते, गावे, कालवे, खाणी, लोहमार्ग आणि चौपदरी रस्ते पसरलेले असतात. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय कोष्टकाबाहेर राहणारी ही मधली जमीन आहे. वाघांच्या पुढील पिढ्यांचा आनुवंशिक वारसा कसा असेल, हे ठरविण्यात राखीव जंगलांइतकाच तिचाही हात असतो.

विषयाला हात घालण्यापूर्वी दोन संज्ञा स्पष्ट करणे आवश्यक आहे. एकाच जातीच्या, एकाच प्रदेशात राहणाऱ्या आणि मुख्यतः आपसांत प्रजनन करणाऱ्या प्राण्यांच्या समूहाला जीवशास्त्रात समष्टी म्हणतात. एका समष्टीत जन्मलेला प्राणी दुसऱ्या समष्टीत जाऊन तेथे प्रजनन करतो, तेव्हा त्याच्यासोबत आलेली जनुके तेथील पिढ्यांत मिसळतात आणि या मिसळण्याला जनुकप्रवाह म्हणतात. व्याख्येतील प्रजननाची अट महत्त्वाची असून लोकप्रिय लेखनात नेमकी तीच निसटते. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेला आणि रेडिओ कॉलर लावलेला एक तरुण नर वाघ 2019 च्या पावसाळ्याच्या तोंडावर बाहेर पडला आणि महाराष्ट्र व तेलंगणातील अनेक जिल्हे पालथे घालत त्या वर्षाच्या अखेरीस बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. वृत्तपत्रांनी ‘वॉकर’ असे नाव दिलेल्या या वाघाची कॉलर काढेपर्यंतची एकूण वाटचाल सुमारे तीन हजार किलोमीटरची भरली. कापसाच्या आणि तुरीच्या शेतांतून, नाल्याकाठच्या झुडपांतून, बहुतांशी रात्री झालेल्या या प्रवासाने मधली जमीन वाघाला सर्वस्वी दुर्गम नाही हे निर्विवाद सिद्ध केले; परंतु ज्ञानगंगेत त्या वेळी वाघीण नव्हती, त्यामुळे जनुकप्रवाहाच्या दृष्टीने एवढ्या मोठ्या वाटचालीची फलश्रुती शून्य राहिली. भ्रमण ही जनुकप्रवाहाची आवश्यक अट आहे, पण ती पुरेशी नाही.

हा प्रवाह थांबल्यास काय होते, हे समजण्यासाठी लहान समष्टींत घडणारी एक मूक प्रक्रिया ध्यानात घ्यावी लागते. प्रत्येक प्राण्यात बहुतेक जनुकांच्या दोन प्रती असतात आणि अपत्याकडे त्यांपैकी एकच, तीही निव्वळ योगायोगाने, जाते. समष्टी मोठी असेल तर हे योगायोग एकमेकांना भरून काढतात; समष्टी लहान असेल तर जनुकाचे एखादे रूप केवळ ते बाळगणाऱ्या दोन-तीन प्राण्यांना पिल्ले झाली नाहीत म्हणून कायमचे नाहीसे होते, मग ते रूप उपयुक्त असो वा निरुपयोगी. या यादृच्छिक बदलाला जनुकीय विचलन म्हणतात आणि त्याचा वेग मोजता येतो. प्रत्यक्ष प्रजननात सहभागी असणाऱ्या प्राण्यांची परिणामी संख्या 25 असेल, तर दर पिढीला जनुकीय विविधतेचा साधारण दोन टक्के अंश गळून पडतो आणि दहा पिढ्यांत तो अठरा टक्क्यांच्या घरात जातो. वाघाची पिढी ढोबळमानाने पाच वर्षांची धरली, तर हा अवधी पन्नास वर्षांचा होतो, म्हणजे एका वनाधिकाऱ्याच्या सेवाकाळाहून फारसा मोठा नाही. शिवाय परिणामी संख्या ही डोकी मोजून येणाऱ्या संख्येपेक्षा नेहमीच लहान असते, कारण वाघांमध्ये एक बलवान नर अनेक वाघिणींचे क्षेत्र व्यापून बसतो आणि कित्येक नर पिता न होताच मरतात. म्हणून पन्नास वाघांच्या जंगलाला आनुवंशिक हिशेबात पन्नास वाघांचे जंगल समजणे चुकीचे ठरते.

या गळतीला उतारा कोणता, याचे गणिती उत्तर अमेरिकन शास्त्रज्ञ सिवॉल राइट यांच्या 1931 मधील प्रबंधातून मिळाले आणि ते प्रथमदर्शनी अविश्वसनीय वाटते. दोन समष्टींमध्ये दर पिढीला सरासरी एक प्राणी जरी स्थलांतर करून प्रजननक्षम ठरला, तरी त्यांच्यातील आनुवंशिक तफावत एका मर्यादेपलीकडे वाढत नाही आणि ही मर्यादा समष्टीच्या आकारावर अवलंबून नसते. वीस वाघांच्या जंगलाला एक पाहुणा पुरावा आणि दोनशेच्या जंगलालाही एकच पुरावा, हे विसंगत भासते. परंतु लहान समष्टीत विचलन जलद असले तरी तेथे एका पाहुण्याचा वाटाही मोठा असतो, आणि मोठ्या समष्टीत त्याचा वाटा नगण्य असला तरी विचलनही संथ असते, त्यामुळे दोन्ही बाजू एकमेकींना तोलून धरतात. अर्थात राइट यांचे गणित आदर्श समष्टींसाठी होते. प्रत्यक्षातील असमान प्रजनन आणि चढउतार लक्षात घेऊन पुढील अभ्यासकांनी दर पिढीला एक ते दहा स्थलांतरित अशी अधिक सावध शिफारस केली. तरीही मुद्दा कायम राहतो : आवश्यक असलेली ये-जा संख्येने फार लहान असते आणि नेमक्या याच कारणाने ती सहज तुटू शकते, कारण पाच वर्षांत एकदाच ओलांडल्या जाणाऱ्या वाटेचे महत्त्व प्रकल्प-अहवाल लिहिणाऱ्याच्या नजरेला दिसत नाही.

राइट यांनीच 1943 मध्ये अंतरजन्य विलगतेची कल्पना मांडली. समष्टी जितक्या दूर, तितकी त्यांच्यातील आनुवंशिक तफावत अधिक, असा तिचा आशय होता. या कल्पनेत जमीन सर्वत्र सारखी गृहीत धरलेली होती. विसाव्या शतकाच्या अखेरीस उपग्रहचित्रे आणि डीएनए-तपासणी ही दोन्ही साधने सुलभ झाल्यावर ते गृहीतक सोडून देणे शक्य झाले, आणि 2003 मध्ये स्टेफनी मॅनेल व सहकाऱ्यांनी भूदृश्य-आनुवंशिकी या नावाने एका नव्या अभ्यासशाखेची रूपरेषा मांडली. प्राणी ज्या जमिनीतून जातो तिचे घनदाट जंगल, विरळ झुडूप, शेत, गाव, पाणी, रस्ता असे घटक पाडायचे, प्रत्येकाला तो प्राण्याच्या वाटचालीला किती अडवतो याचे मूल्य द्यायचे, आणि त्या नकाशावरून काढलेले अंतर प्राण्यांच्या आनुवंशिक अंतराशी किती जुळते हे तपासायचे, अशी या शाखेची मूळ पद्धत आहे. ब्रॅड मॅक्रे यांनी 2006 मध्ये तिला विद्युतशास्त्राची जोड दिली. विद्युतमंडलात एकाच तारेऐवजी समांतर अनेक तारा असल्या तर एकूण रोध घटतो आणि प्रवाह वाढतो. त्याचप्रमाणे दोन जंगलांना जोडणाऱ्या अनेक मध्यम प्रतीच्या वाटा एकाच उत्तम वाटेपेक्षा जनुकप्रवाहाला अधिक साहाय्यक ठरू शकतात, हे या पद्धतीने गणितात आणले. नकाशावर एकच हिरवी पट्टी आखून उरलेली जमीन मोकळी सोडण्याच्या प्रशासकीय सवयीला यातून मिळणारे उत्तर पुरेसे स्पष्ट आहे.

मध्य भारत या शाखेसाठी जणू खुली प्रयोगशाळा ठरला. मेळघाट, सातपुडा, पेंच आणि कान्हा ही सातपुडा-मैकल रांगेवरील जंगले, दक्षिणेकडे नवेगाव-नागझिरा, उमरेड-पवनी-कऱ्हांडला, बोर आणि ताडोबा-अंधारी, तेथून पुढे तेलंगणातील कवाल आणि छत्तीसगडातील इंद्रावती, असा हा विखुरलेला पण अद्याप पूर्णपणे न तुटलेला पट आहे. येथील वाघांचे रक्त काढणे अव्यवहार्य असल्याने संशोधक विष्ठेवर अवलंबून राहतात. विष्ठा बाहेर पडताना आतड्याच्या अस्तरातील पेशी तिच्या पृष्ठभागाला चिकटतात, त्यांतून डीएनए वेगळा करून हा नमुना वाघाचा की बिबट्याचा, नराचा की मादीचा, हे ठरवता येते, आणि त्यातील पुनरावृत्त होणाऱ्या लहान खंडांची लांबी मोजून तो कोणत्या विशिष्ट प्राण्याचा, हेही कळते. उन्हात वाळलेल्या नमुन्यांचा मोठा भाग निरुपयोगी निघतो, त्यामुळे काही शे वाघांची ओळख पटविण्यासाठी फार मोठ्या प्रमाणावर पायपीट करावी लागते; या क्षेत्रातील प्रत्येक आकर्षक नकाशाच्या पाठीशी ही पायपीट आहे, हे विसरता कामा नये.

2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अनेक स्वतंत्र अभ्यासांनी या पटाचे चित्र प्रथमच स्पष्ट केले. संदीप शर्मा, तृष्णा दत्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कान्हा, पेंच, सातपुडा आणि मेळघाट यांची तुलना करून दाखविले की ज्या जंगलांमध्ये वनाच्छादित भ्रमणमार्ग टिकून आहेत त्यांच्यात जनुकप्रवाहही टिकून आहे, आणि जेथे मार्ग विरले तेथे आजचा प्रवाह पूर्वीच्या मानाने घटला आहे. बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातील उमा रामकृष्णन यांच्या गटाने याच प्रदेशात दाट वस्ती आणि रहदारी हे वाघाच्या वाटचालीतील प्रमुख अडथळे असल्याचे नोंदविले. याच गटातील प्राची थत्ते आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये एक पाऊल पुढे टाकून पुढील शंभर वर्षांतील विविध संभाव्य परिस्थिती संगणकावर चालवून पाहिल्या. त्यांतून असे दिसले की अनियोजित रस्ते आणि वस्त्या वाढत गेल्यास लहान, एकाकी जंगलांतील वाघ नामशेष होण्याचा धोका लक्षणीय वाढतो, आणि संरक्षित क्षेत्रांबाहेरील छोटी जंगले पायरीदगडांप्रमाणे जपल्यास तो घटतो. 2020 च्या अभ्यासात वाघ, बिबट्या, अस्वल आणि रानमांजर या चार प्राण्यांची एकाच भूभागात तुलना झाली, तेव्हा मानवी हस्तक्षेपाचा फटका वाघाला सर्वाधिक, तर शेतशिवारातही रमणाऱ्या रानमांजराला तुलनेने कमी बसत असल्याचे आढळले. एकच रस्ता एका प्राण्याला भिंत असतो आणि दुसऱ्याला किरकोळ अडचण; म्हणून केवळ वाघासाठी आखलेला भ्रमणमार्ग सर्व जंगलाचा भ्रमणमार्ग ठरेल, असे मानणे धाडसाचे आहे.

सर्व विलगता माणसानेच घडविली, असाही निष्कर्ष काढता येत नाही. पश्चिम घाटाला छेदणारी पालक्काड खिंड तीस-चाळीस किलोमीटर रुंद असून तिच्या उत्तरेकडील आणि दक्षिणेकडील हत्तींमध्ये आनुवंशिक भेद आढळतो. उंच शोला वनांत राहणाऱ्या छोट्या पक्ष्यांच्या वंशरेषा तर या खिंडीने अतिप्राचीन काळापासून अलग ठेवल्या आहेत. व्ही. व्ही. रॉबिन आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये दाखविलेली गोष्ट अधिक विचार करायला लावणारी आहे. बेटांसारख्या अलग पडलेल्या अशा प्राचीन वनांच्या आतही, वसाहतकाळापासून शोला व गवताळ माळ तोडून लावलेल्या व्यापारी लागवडींमुळे, पक्ष्यांच्या समष्टींत अलीकडचे तुकडे पडू लागले आहेत. निसर्गाने घातलेली फाळणी आणि माणसाने घातलेली फाळणी यांतील फरक वेगाचा आहे; पहिलीशी जुळवून घ्यायला हजारो पिढ्या मिळाल्या, दुसरीला काही दशकेच झाली आहेत.

या वेगामुळेच आनुवंशिक पुरावा वाचताना विशेष सावधगिरी लागते. आज एखादा मार्ग पूर्ण बंद झाला, तरी त्याच्या दोन्ही बाजूंच्या वाघांतील आनुवंशिक तफावत मोजण्याइतकी वाढायला अनेक पिढ्या जाव्या लागतात. तोवरचे नमुने मागील काळातील मोकळ्या ये-जेचेच चित्र दाखवत राहतात. परिणामी ‘या पट्ट्यात जनुकप्रवाह उत्तम आहे, सबब नवा रस्ता करण्यास हरकत नाही’ हा युक्तिवाद तर्कदृष्ट्या उलटा आहे, कारण उत्तम प्रवाह हा जुना रस्ता नसल्याचा परिणाम असतो, नवा रस्ता सोसण्याच्या क्षमतेचा पुरावा नसतो. आनुवंशिक हानी दिसू लागते तेव्हा तिला कारणीभूत झालेला निर्णय घेणारे अधिकारी बहुधा निवृत्त झालेले असतात. किती गमावले गेले याची कल्पना जुन्या वस्तूंवरून येते. सम्राज्ञी मोंडोल, मायकेल ब्रुफर्ड आणि उमा रामकृष्णन यांनी ब्रिटिश काळात मारल्या गेलेल्या आणि संग्रहालयात जतन केलेल्या वाघांच्या कातड्यांतील डीएनएची आजच्या वाघांशी तुलना केली, तेव्हा मातृवंशाने येणाऱ्या डीएनएच्या जुन्या रूपांपैकी सुमारे 93 टक्के रूपे आजच्या नमुन्यांत आढळली नाहीत.

संपर्क सर्वस्वी तुटल्यावर काय होते, याची भारतातील दोन उदाहरणे बोलकी आहेत. रणथंभोरच्या वाघांच्या संपूर्ण जनुकसंचाचा 2021 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की तेथे अंतःप्रजनन, म्हणजे निकटच्या नातलगांतील प्रजनन, अधिक आहे. काही अतिघातक दोष पिढ्यांच्या चाळणीतून गळून गेले असले, तरी मातापित्यांकडून दोन्ही प्रतींत आलेल्या हानिकारक रूपांचे ओझे या वाघांवर मोठ्या समष्टींतील वाघांपेक्षा जास्त आहे. ओडिशातील सिमिलीपालमध्ये विचलन डोळ्यांनी पाहता येते : रुंद होऊन एकमेकांत मिसळलेल्या पट्ट्यांमुळे जवळजवळ काळे दिसणारे वाघ तेथे दर तिघांमागे एकाहून अधिक आहेत, आणि हे रूप एका जनुकातील एकाच बदलातून येते. काळा रंग स्वतः घातक आहे असे सिद्ध झालेले नाही. अन्यत्र दुर्मिळ असलेले रूप एका जंगलात इतके सामान्य होणे, हे त्या जंगलाच्या एकाकीपणाचे लक्षण आहे. पर्यटन-जाहिरातींतून या वाघांचे कौतुक होत असताना ही दुसरी बाजू क्वचितच सांगितली जाते.

सिमिलीपालच्या उपचारात महाराष्ट्राचा थेट सहभाग आहे. 2024 च्या अखेरीस ताडोब्यातील जमुना आणि झीनत या दोन वाघिणी नवी जनुके आणण्याच्या उद्देशाने तेथे नेण्यात आल्या. झीनत नव्या जंगलात स्थिरावली नाही. ती झारखंड ओलांडून पश्चिम बंगालमध्ये शिरली आणि 29 डिसेंबर रोजी बांकुडा जिल्ह्यात तिला बेशुद्ध करून पकडावे लागले. राज्यांतर्गतही असे प्रयत्न झाले असून मे 2023 मध्ये चंद्रपूर भागातील दोन वाघिणी नवेगाव-नागझिऱ्यात सोडल्या गेल्या. अशा स्थलांतरांना यश येतच नाही असे नाही. अमेरिकेतील फ्लोरिडात अंतःप्रजननाने हृदयदोष आणि वाकड्या शेपट्या घेऊन जगणाऱ्या वीस-तीस पँथरांच्या समष्टीत 1995 मध्ये टेक्सासमधील आठ माद्या सोडल्यावर ती पुढील काळात शंभराच्या आसपास गेली. उलट, युरोपातील तात्रा पर्वतात नैऋत्य आशियातील रानबकऱ्या तेथील आयबेक्स या रानबकऱ्यांमध्ये मिसळल्यावर संकरित माद्या ऐन हिवाळ्यात विऊ लागल्या आणि तो कळप संपला. पिंजऱ्यातून आणि ट्रकमधून घडवलेला जनुकप्रवाह कोणता प्राणी, कोठून आणि कोठे न्यायचा याची निवड माणसावर सोपवतो, प्रत्येक वेळी मोठा खर्च आणि जोखीम मागतो, आणि दर काही वर्षांनी पुन्हा करावा लागतो. शिल्लक राहिलेला भ्रमणमार्ग तेच काम तरुण वाघांच्या पायांवर सोपवतो. जेथे मार्ग उरलेच नाहीत तेथे स्थलांतराला पर्याय नाही, पण जेथे ते आहेत तेथे स्थलांतराच्या भरवशावर त्यांचा बळी देणे शहाणपणाचे नाही.

रस्ता आणि वाट यांचा मेळ घालता येतो, याचा सर्वांत ठळक दाखला नागपूर-सिवनी महामार्गावर आहे. पूर्वी राष्ट्रीय महामार्ग 7 म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आणि आता 44 क्रमांक मिळालेल्या या रस्त्याच्या चौपदरीकरणावर दीर्घ न्यायालयीन वाद झाला आणि त्याची परिणती म्हणून महाराष्ट्रातील पेंच परिसरातील सुमारे सोळा किलोमीटरच्या टप्प्यात नऊ ठिकाणी रस्ता उचलून घेण्यात आला. त्यांतील सर्वांत लांब भुयारी मार्ग 750 मीटरचा आहे. भारतीय वन्यजीव संस्थेने 2019 मध्ये लावलेल्या कॅमेऱ्यांत अठरा जातींचे वन्यप्राणी या रचनांखालून जाताना दिसले आणि अकरा वेगवेगळ्या वाघांनी एकोणनव्वद वेळा त्यांचा वापर केला. या आकड्यांचे स्वागत करतानाच पूर्वी सांगितलेली अट स्मरणात ठेवणे इष्ट आहे : रस्त्याखालून रोज ये-जा करणारा वाघ दोन्ही बाजूंना क्षेत्र असलेला स्थानिक वाघ असू शकतो, आणि या रचनांनी जनुकप्रवाह राखला किंवा नाही याचा निवाडा पुढील पिढ्यांच्या विष्ठेतील डीएनएच देईल. शिवाय नागझिरा आणि नवेगाव यांच्यामधील मुंबई-कोलकाता महामार्ग, जंगल चिरत जाणारा गोंदिया-चांदाफोर्ट लोहमार्ग, ब्रह्मपुरीच्या जंगलातून गेलेला गोसीखुर्दचा उजवा कालवा आणि चंद्रपूरच्या उघड्या कोळसा खाणी हे सर्व अडथळे एकाच पटावर आहेत. एका ठिकाणी उत्तम पूल बांधला म्हणून पुढच्या कालव्यात उतरलेला वाघ वर येऊ शकेल असे नाही.

या मधल्या जमिनीवर माणसे राहतात, ही गोष्ट संवर्धनाच्या लेखनात बरेचदा तळटीपेत जाते. ब्रह्मपुरी वनविभागासारखा संरक्षित क्षेत्राबाहेरचा प्रदेश वाघांच्या दृष्टीने अनेक अभयारण्यांहून समृद्ध आहे आणि त्याची किंमत मोहफुले व तेंदूपत्ता वेचणाऱ्या, गुरे राखणाऱ्या कुटुंबांनी जिवानिशी मोजलेली आहे. ज्या शेतातून रात्री वाघ जातो त्या शेताच्या मालकाला जनुकप्रवाहाचा लाभ कधीच मिळत नाही. तो लाभ देशाचा असतो आणि जोखीम एकट्या गावाची. नुकसानभरपाई तत्पर नसेल, रात्रीच्या सिंचनाऐवजी दिवसा वीज मिळत नसेल, तर भ्रमणमार्ग नकाशावर राहतील आणि जमिनीवर तारांच्या कुंपणांत व विजेच्या सापळ्यांत संपतील.

कायद्याची चौकट नाही असे म्हणता येत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियमात 2006 मध्ये झालेल्या दुरुस्तीने समाविष्ट झालेल्या कलम 38-ओ नुसार व्याघ्र प्रकल्पांचीच नव्हे तर त्यांना जोडणाऱ्या क्षेत्रांचीही जमीन पर्यावरणाला न पेलणाऱ्या उपयोगासाठी वळवली जाऊ नये, याची काळजी घेणे राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाचे कर्तव्य आहे, आणि अपवाद करायचा झाल्यास राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची मान्यता लागते. प्राधिकरण व भारतीय वन्यजीव संस्था यांनी 2014 मध्ये देशातील 32 प्रमुख भ्रमणमार्गांचे नकाशेही प्रसिद्ध केले. प्रत्यक्षात रस्ता, कालवा किंवा खाण यांची आखणी आधी होते, भूसंपादन सुरू होते, आणि मग भ्रमणमार्गाचा प्रश्न ‘उपाययोजना’ या शीर्षकाखाली शेवटच्या प्रकरणात येतो. तोपर्यंत रेषा हलविण्याची वेळ निघून गेलेली असते. विदर्भातील प्रत्येक प्रकल्पाच्या जनसुनावणीत नागरिकांनी, ग्रामसभांनी आणि लोकप्रतिनिधींनी पहिला प्रश्न हाच विचारावा, की ही रेषा आखताना भ्रमणमार्गाचा नकाशा टेबलावर होता काय; आणि नसल्यास आखणी पुन्हा करण्याची मागणी लेखी नोंदवावी.